पंपात दोन औषधे मिसळताना विचारता, मग पोटात मिसळताना का नाही?

वजन उतरवण्याची गोळी घेणाऱ्यांनी शुगर, बीपी, थायरॉईडची औषधे कशी सांभाळावीत?

खरीप सुरू झाला की आम्हा कृषी खात्याच्या माणसांना बांधावर एक प्रश्न हमखास ऐकायला मिळतो. "साहेब, हे आणि ते एकाच पंपात चालंल का?" प्रश्न शहाणपणाचा आहे. बोर्डो मिश्रण अल्कलीधर्मी असते. त्यात ऑरगॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक टाकले तर त्याचा जोर उतरतो. पैसे जातात आणि कीडही जात नाही. पॉलिहाऊसमधला गुलाबवाला तर याहून हुशार. कॅल्शियम नायट्रेट एका टाकीत आणि सल्फेट-फॉस्फेटवाली खते दुसऱ्या टाकीत, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. एकत्र केली की साका बसतो आणि ठिबकचे ड्रीपर बंद पडतात, हे त्याने एकदा पाहिलेले असते.

हाच शेतकरी घरी येतो तेव्हा सकाळी बीपीची गोळी, शुगरची गोळी, थायरॉईडची गोळी, दुपारी अंगदुखीची गोळी आणि आता त्यात भर म्हणून 'वजन उतरवायची गोळी', अशी सगळी एका घोटात गिळून मोकळा होतो. तिथे मात्र "हे आणि ते एकत्र चालंल का?" असे विचारायचे राहून जाते. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. मी डॉक्टर नाही, शेतीचा पदविकाधारक आहे. त्यामुळे कोणती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. घेत असाल तर डॉक्टरांना काय सांगायचे, काय विचारायचे आणि कोणत्या खुणा ओळखायच्या, एवढेच सांगतो.

हा विषय गावात आला कसा?

तळेगाव एमआयडीसी आली आणि नवलाख उंबरे, बधलवाडी, आंबी, मंगरूळ या शिवारांचे रूप पालटले. जिथे भाताची खाचरे होती तिथे कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. ज्याची जमीन गेली त्याच्या घरात मोबदला आला, मोटारसायकल आली, कुणाला कंपनीत सुपरवायझरची खुर्ची मिळाली. चिखलणी, आवणी, झोडणी हे अंग मोडणारे काम कमी झाले, पण ताटातला भात तेवढाच राहिला. वर कँटीनचा वडापाव आणि दिवसाला सहा कप गोड चहा. मग पोट पुढे येणार नाही तर काय होणार?

हा काही एकट्या मावळचा प्रकार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची देशभराची मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार प्रौढांमध्ये मधुमेह ११.४ टक्के, रक्तदाब ३५.५ टक्के आणि पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के निघाला. म्हणजे दहा माणसे चावडीवर बसली तर साधारण चौघांचे पोट प्रमाणाबाहेर.

आपल्या पुणे जिल्ह्यातले एक उदाहरण तर जगभर गाजले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! दिसायला बारीक आणि आतून चरबी, ही आपल्याकडची ठेवण आहे. म्हणून काटकुळ्या दिसणाऱ्या माणसालाही शुगर निघते. आणि म्हणूनच काट्यावरचा आकडा बघून, शेजाऱ्याने घेतली म्हणून आपणही गोळी घेतली, असे चालत नाही.

महत्त्वाची गोष्ट अशी की ज्याला वजन उतरवायची गोळी लागते त्याला बहुतेक वेळा आधीच दुसऱ्या दोन-तीन गोळ्या चालू असतात. वजन, शुगर, बीपी ही एकाच वेलीची फळे. त्यामुळे ही गोळी पोटात एकटी जातच नाही.

गोळ्या कोणत्या?

सध्या आपल्याकडे पोटातून घ्यायच्या दोन गोळ्यांची नावे जास्त ऐकू येतात.

पहिली ऑर्लिस्टॅट. ही जुनी आहे. खाल्लेल्या तेल-तुपापैकी सुमारे ३० टक्के भाग ती पचू देत नाही, तो शौचावाटे बाहेर जातो. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर तासाभरात घ्यायची असते. जेवण चुकले, किंवा जेवणात तेल-तूप नसले, तर ती मात्रा सोडायची. भजी खाऊन ही गोळी घेतली तर तेलकट जुलाब होतात आणि शेतातून घरी पळत यावे लागते.

दुसरी सेमाग्लुटाइड. ही भूक कमी करते, जठर रिकामे व्हायचा वेग मंदावते आणि रक्तातली साखर वाढली की इन्सुलिन सुटायला मदत करते. भारतात ती गोळीच्या रूपात जानेवारी २०२२ मध्ये आली ती मधुमेहासाठी. वजनासाठी म्हणून तिच्या २५ मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत डिसेंबर २०२५ मध्ये मान्यता मिळाली. इंजेक्शनांपैकी टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये आपल्या देशात विक्रीला आले. तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडून या औषधांची ख्याती गावोगाव पोचली आहे. पाहुणा सांगतो, "माझं बारा किलो उतरलं." पण पाहुण्याला दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि आपल्याला कोणत्या, हे कोणी पडताळून बघत नाही.

सकाळचा चहा आधी की गोळी आधी?

सेमाग्लुटाइडच्या गोळीचे नियम कडक आहेत. उठल्याबरोबर, अनशापोटी, अर्धा कप साध्या पाण्याबरोबर घ्यायची. पाणी १२० मिलिलिटरपेक्षा जास्त नको. त्यानंतर निदान अर्धा तास काही खायचे नाही, चहा प्यायचा नाही आणि दुसरी कोणतीही गोळी घ्यायची नाही. गोळी तोडायची नाही, कुटायची नाही, चावायची नाही.

एवढा कडकपणा कशाला? या औषधाचा फारच थोडा अंश, जेमतेम शंभरातला एक भाग, जठरातून रक्तात उतरतो. पोटात आधीच चहा किंवा बाकीच्या गोळ्या असल्या तर तोही उतरत नाही. म्हणजे भर पावसात फवारणी केल्यासारखे. औषध संपले, पैसे संपले आणि गुण मात्र नाही. आपल्याकडे चहाशिवाय डोळा उघडत नाही हे खरे, पण या गोळीपुरता अर्धा तास धीर धरावाच लागतो.

आणखी एक गोष्ट मावळच्या पावसाळ्यासाठी. ही गोळी दमटपणा सोसत नाही. पाकिटातून काढून बाकीच्या गोळ्यांबरोबर डबीत भरून ठेवू नका. घ्यायच्या वेळीच फोडा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. चुकलेली सोडा आणि पुढची वेळेवर घ्या.

ही गोळी सुरुवातीचे ३० दिवस कमी मात्रेची, ३ मिलिग्रॅमची देतात, ती पोटाला सवय व्हावी म्हणून. "गुण दिसंना" म्हणून आपल्या मनाने दोन-दोन घेतल्या तर उलट्यांनी माणूस आडवा होतो.

शुगरच्या गोळ्या: सगळ्यात मोठा धोका

इथे जरा सावकाश वाचा. शुगरच्या सगळ्या गोळ्या एका जातीच्या नसतात. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा फार खाली जात नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या आणि इन्सुलिनचे इंजेक्शन ही औषधे तुम्ही जेवला आहात की नाही हे बघत नाहीत, साखर खाली ओढतच राहतात. आपल्याकडे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकाच गोळीत मिळतात, त्यामुळे आपण ग्लिमेपिराइड घेतो हे अनेकांना माहीतच नसते. पाकिटावरचे बारीक अक्षर वाचा, नाहीतर घरातल्या शिकणाऱ्या पोराकडून वाचून घ्या.

आता समजा, अशा माणसाने वजनासाठी सेमाग्लुटाइड सुरू केली. भूक मेली, दोन भाकरीच्या जागी अर्धीच जाते. शुगरची जुनी गोळी मात्र पूर्वीइतकीच चालू आहे. त्यात एकादशीचा उपवास आला, किंवा आवणीच्या गडबडीत न्याहारी राहिली. मग अकराच्या सुमाराला खाचरात हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. लोक म्हणतात उन्हाची चक्कर आली. खरे तर साखर उतरलेली असते. असा माणूस ट्रॅक्टरवर असेल, विहिरीच्या काठावर असेल किंवा कंपनीत मशीनवर असेल, तर पुढचे सांगायला नको.

म्हणून वजनाची गोळी सुरू करतानाच डॉक्टरांना विचारा: "माझी शुगरची जुनी गोळी कमी करायची का?" बऱ्याचदा डॉक्टर ती कमी करतात. पहिले काही आठवडे साखर वरचेवर तपासायला सांगतात. उपवासाच्या दिवसांचे आणि पायी वारीचेही आधीच विचारून ठेवा. दारूचा नाद असेल तर तेही लपवू नका. रिकाम्या पोटी दारू आणि ग्लिमेपिराइड हा जोड माणसाला झोपेतच बेशुद्ध करू शकतो.

साखर उतरली तर काय करायचे? माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या. तरतरी आली की भाकरी, भात असे काहीतरी पोटात जाऊ द्या. यात एक बारकावा आहे. ज्याच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे त्याला घरातली साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती पचायलाच ती गोळी उशीर लावते. अशा माणसाला ग्लुकोज पावडरच द्यावी लागते. ग्लुकोजची पुडी शेतातल्या डब्यात ठेवा, दहा-वीस रुपयांचा मामला आहे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही ओतू नका. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन लावा.

बीपी, पाणी आणि अंगदुखीची गोळी

या गोळ्यांनी सुरुवातीला मळमळ, उलटी, जुलाब होतात. घरात बसणाऱ्याला त्याचा त्रास होतो, पण उन्हात काम करणाऱ्याला धोका होतो. अंगातले पाणी आधीच घामावाटे जात असते. त्यात टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारखी बीपीची गोळी किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असली की मूत्रपिंडावर ताण येतो. आणि संध्याकाळी कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेतली की ताण दुप्पट-तिप्पट होतो. बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि अंगदुखीची गोळी हे त्रिकूट मूत्रपिंडाला वाईट आहे, हे डॉक्टर मंडळी नेहमी सांगतात. आपल्याकडे अंगदुखीची गोळी किराणा दुकानातसुद्धा मिळते आणि तिला कोणी औषध समजत नाही. अडचण तिथेच आहे.

जुलाब-उलट्या लागल्या तर ओआरएसचे पाणी सुरू करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा: "आज कोणत्या गोळ्या घ्यायच्या आणि कोणत्या थांबवायच्या?" मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, बीपीच्या आणि लघवीच्या काही गोळ्या अशा दिवसांत डॉक्टर थांबवायला सांगतात. आपल्या मनाने मात्र थांबवू नका आणि रेटूही नका. इन्सुलिन तर स्वतःहून कधीच बंद करायचे नाही. लघवी कमी झाली, गडद झाली, उठताना चक्कर येते, या खुणा दिसल्या तर उद्यावर ढकलू नका.

दुसरी बाजू चांगली आहे, पण तीही लक्षात ठेवायला हवी. वजन उतरले की बीपी पण उतरते. मग जुन्याच मात्रेची गोळी जास्त होते आणि खाटेवरून उठताना झोक जातो. दर भेटीला बीपी मोजून घ्या.

थायरॉईड, रक्त पातळ करणारी आणि फिटची गोळी

थायरॉईडची गोळीसुद्धा सकाळी अनशापोटीच घ्यायची असते. म्हणजे एकाच वेळेवर दोन दावेदार. सेमाग्लुटाइडबरोबर थायरॉईडच्या गोळीचा अंश रक्तात सुमारे एक तृतीयांश वाढतो, असे तपासणीत आढळले आहे. म्हणून आधी कोणती, मध्ये किती अंतर, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि त्यांनी सांगितलेल्या मुदतीत टीएसएच तपासा. ऑर्लिस्टॅट असेल तर उलटे होते, ती थायरॉईडची गोळी नीट शोषू देत नाही. त्या दोहोंत निदान चार तासांचे अंतर हवे. गुलाबवाल्यांच्या दोन टाक्यांसारखेच समजा. दोन्ही खते लागतात, पण एका टाकीत नाही.

हृदयाची झडप बदललेल्या किंवा रक्तात गुठळी झालेल्या माणसाला वॉरफरिन किंवा तशी गोळी असते. तिचा तोल 'क' नव्हे, 'के' जीवनसत्त्वावर अवलंबून असतो. ऑर्लिस्टॅटमुळे ए, डी, ई आणि के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे कमी शोषली जातात, मग रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊ शकते. कोणतीही वजनाची गोळी सुरू करताना अशा माणसाने रक्ताची आयएनआर तपासणी जास्त वेळा करायची. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, विनाकारण काळेनिळे डाग ही धोक्याची खूण. डॉक्टरांनी जीवनसत्त्वाची गोळी दिली असेल तर ती ऑर्लिस्टॅटपासून निदान दोन तास लांब, शक्यतो झोपताना घ्या.

फिटची गोळी घेणाऱ्यांनी ऑर्लिस्टॅट डॉक्टरांना सांगितल्याशिवाय अजिबात सुरू करू नये. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला सायक्लोस्पोरिन चालू असते, तिचाही प्रभाव ऑर्लिस्टॅटने घटतो. तिथे तर मूत्रपिंड गमावण्यापर्यंत पाळी येऊ शकते.

भगिनींसाठी

वजन उतरवायच्या यांपैकी कोणत्याही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करावी लागते. आणि हे लक्षात ठेवा की वजन उतरले की काही जणींची बंद पडलेली पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. उपकेंद्रातून 'माला-एन' घेत असाल आणि वजनाच्या गोळीने जोराचे जुलाब लागले, तर त्या गोळीवर भरवसा ठेवता येत नाही. तेव्हा निरोधसारखा दुसरा उपाय जोडीला हवा. टिर्झेपॅटाइडचे इंजेक्शन सुरू केल्यावर आणि त्याची मात्रा वाढवल्यावर चार आठवडे तर हा जोड उपाय ठेवायलाच सांगतात. आशाताईंना मोकळेपणाने विचारा, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

बाजारातली चूर्णे आणि 'आयुर्वेदिक' पुड्या

डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या औषधापेक्षा मला जास्त भीती वाटते ती जत्रेत, बसस्टँडवर आणि मोबाइलवर विकल्या जाणाऱ्या 'महिन्यात दहा किलो' वाल्या पुड्यांची. सिब्युट्रामिन नावाचे औषध एकेकाळी वजनासाठी अधिकृतपणे विकले जाई. त्याने हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असे दिसले, म्हणून २०११ साली भारतात त्यावर बंदी आली. रिमोनाबंटवर मनाच्या आजारांच्या धोक्यामुळे २००९ मध्येच बंदी आली होती. पण जगभरात 'वनस्पतीजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या पुड्या तपासल्या तर त्यांत चोरून घातलेले सिब्युट्रामिन पुन्हा पुन्हा सापडते. बीपीच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या घेणाऱ्याने अशी पुडी खाल्ली तर जिवावर बेतू शकते. सोनामुखीसारख्या जुलाबाच्या पुड्यांनी वजन उतरल्यासारखे दिसते, पण उतरते ते पाणी आणि पोटॅशियम. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याला ते फार महागात पडते.

आमच्या शेतीच्या पुस्तकातलेच एक नाव इथे सांगायला हवे. डायनायट्रोफिनॉल. या डायनायट्रो गटातली रसायने कीटकनाशक आणि तणनाशक म्हणून वापरात होती. १९३३ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ते वजन उतरवायला दिले. वजन उतरले खरे, पण अंगातला ताप भट्टीसारखा वाढून माणसे दगावली, काहींना मोतीबिंदू झाला. १९३८ मध्ये तिथे ते माणसांसाठी बंद झाले. तरीही इंटरनेटवरून 'फॅट बर्नर' म्हणून ते आजही विकले जाते आणि माणसे आजही मरतात. त्यावर उतारा नाही. जे तणावर मारायचे ते पोटात घ्यायचे नसते, हे शेतकऱ्याला आणखी काय सांगावे?

फवारणीच्या दिवशी

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून मिश्रणे करू नका, तोंड-अंग झाकून फवारा, हे आम्ही सांगत आलो आहोत. त्यात आता एका गोष्टीची भर घालावी लागते. ऑरगॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत घाम, मळमळ, उलटी, जुलाब होतात. साखर उतरली तरी घाम आणि थरथर होते. वजनाच्या गोळीनेही मळमळ, उलटी, जुलाब होतात. तिन्ही वरवर सारखे दिसतात. विषबाधेत बहुधा तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येते आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. पण ही परीक्षा बांधावर करत वेळ घालवू नका. दवाखान्यात नेताना कीटकनाशकाचा डबा किंवा त्याचे लेबल आणि त्या माणसाच्या गोळ्यांची पाकिटे, दोन्ही बरोबर न्या. "गोळीनंच होतंय, बसंल जरा सावलीत" असे म्हणून विषबाधेचा पहिला तास घालवू नये. मळमळ-उलट्या चालू असतील तर त्या दिवशी फवारणीला जाऊच नका.

पोटात वरच्या भागात सतत, पाठीत जाणारी जोराची कळ आली तर तो स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठा. उजव्या बरगडीखाली दुखणे, डोळे पिवळे होणे ही पित्तखड्यांची खूण असू शकते. वजन झपाट्याने उतरले की हे खडे जास्त होतात. कोणत्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचे आवर्जून सांगा, कारण उपाशी असूनही जठरात अन्न शिल्लक राहिलेले असू शकते. घरात कोणाला थायरॉईडचा कर्करोग झाला असेल तर सेमाग्लुटाइड सुरू करण्याआधीच ते सांगा.

गोळी बंद करतानाही विचारा

गोळी महाग पडते म्हणून, किंवा पुरेसे उतरले म्हणून, बरेच जण मध्येच बंद करतात. बंद केली की भूक परत येते आणि बहुतेकांचे वजन पुन्हा चढू लागते. त्याबरोबर शुगर आणि बीपीही चढते. मधल्या काळात डॉक्टरांनी त्या गोळ्या कमी केलेल्या असतात. मग कमी केलेली मात्रा पुरत नाही आणि आपल्याला पत्ता लागत नाही. म्हणून सुरू करताना जेवढी विचारपूस, तेवढीच बंद करताना. गोळी चालू असताना मटकीची उसळ, डाळ, अंडी, दूध पोटात जायला हवे आणि अंगाला काम हवे, नाहीतर चरबीबरोबर अंगातले बळही उतरते.

ग्रामपंचायतीने आणि घराने काय करावे?

प्रत्येक घराने एक कागद करावा. त्यावर माणसाचे नाव, वय, आजार आणि चालू असलेली सगळी औषधे मात्रेसह लिहावीत. त्यात काढा, चूर्ण, अंगदुखीची गोळी, ताकदीची बाटली, इंजेक्शन हे सगळे यावे. "हे काय औषध हाय व्हय?" म्हणून काही गाळू नये. एक प्रत खिशात, एक घरात. डॉक्टरांकडे जाताना कागदाबरोबर पाकिटांची पिशवीच न्यावी. तळेगावच्या डॉक्टरांना वडगावच्या डॉक्टरांनी काय दिले ते आपोआप कळत नाही. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे आपणच.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांना विनंती आहे की एखाद्या ग्रामसभेत आशाताई आणि उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना या विषयावर अर्धा तास बोलू द्यावे. पंचायतीच्या फळ्यावर १०८ हा क्रमांक आणि साखर उतरल्याच्या खुणा मोठ्या अक्षरात लिहाव्यात. जत्रेत वजनाच्या पुड्या विकणारा आला तर बिल आणि परवाना विचारावा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवावे. कंपनीत जाणाऱ्या पोरांनी आपल्या गोळ्यांबद्दल तिथल्या प्रथमोपचार खोलीत सांगून ठेवावे.

मेडिकलमध्ये गोळी हातात पडली की पैसे देण्याआधी पाकिटांची पिशवी काउंटरवर ओता आणि बांधावर आम्हाला विचारता तोच प्रश्न विचारा: "हे आणि ते एकत्र चालंल का?" समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर गोळी तशीच ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.